स्मरणफलकावर काय लिहावे? इयत्ता आठवीच्या प्रकल्पाच्या नोंदी

२६ जुलै २०२४

कारगिल विजय दिनास पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त आज ठाण्यातील आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा घेण्यात आली. भाषणे चोख पाठ होती, आवाज खणखणीत होते, हातवारेही बसवलेले होते. मात्र एकाचे भाषण दुसऱ्याच्या तोंडी दिले असते तर कोणाच्या लक्षात आले नसते. ‘प्राणांची आहुती’ आणि ५२७ हा कारगिलमध्ये कामी आलेल्या जवानांचा आकडा प्रत्येक भाषणात होता, पण त्या ५२७ जणांपैकी एकाविषयीही तीन वाक्ये सलग कोणी बोलले नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ही मुले २०१०-११ मध्ये जन्मली. मी शाळेत असताना जी बातमी रोज रात्री दूरदर्शनवर पाहिली, ती यांच्यासाठी पाठ्यपुस्तकातला परिच्छेद आहे.

स्पर्धा संपल्यावर मुख्याध्यापकांनी जाहीर केले की जिन्यालगतच्या भिंतीवर सैनिकांचा कायमस्वरूपी स्मरणफलक लावायचा असून त्याचा मजकूर आठवीने प्रकल्प म्हणून तयार करायचा आहे. मुदत प्रजासत्ताक दिनापर्यंत आहे. नोंदवही माझ्याकडे आली.

२ ऑगस्ट २०२४

गटवार आराखडे आले. बहुतेकांत उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण, मागे ज्वाळा आणि वर ‘अमर रहे’ अशी मांडणी आहे. चित्रकलेच्या सरांनी सर्व आराखडे फळ्याशेजारी ओळीने टाचले आणि यांतला कोणता फलक आपल्या शाळेचा आहे हे ओळखून दाखवा, असे विचारले. वर्ग हसला आणि मग विचारात पडला. यावर एवढेच ठरले की मजकूर लिहिण्याआधी इतरांनी अशा फलकांवर, दगडांवर आणि भिंतींवर काय लिहिले आहे ते पाहावे.

१० ऑगस्ट २०२४

एका विद्यार्थ्याच्या इमारतीत राहणारे निवृत्त हवालदार आज वर्गात आले होते. सध्या ते घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलात सुरक्षा पर्यवेक्षक आहेत आणि रात्रपाळी संपवून थेट शाळेत आले. फळ्यासमोर खुर्ची ठेवली होती, पण ते पूर्ण दीड तास उभे राहिले.

त्यांची एक नेमणूक सियाचीनला झाली होती. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाल्यापासून आपले सैन्य त्या हिमनदीवर कायम आहे, आणि तेथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि हिमकड्यांनी जास्त माणसे नेली आहेत, हे मुलांनी पुस्तकात वाचले होते. हवालदारकाकांनी त्यातला रोजचा भाग सांगितला: एका दोराला बांधून घेऊन ओळीने चालायचे, पायातले मोजे ओले राहिले तर बोटे जाऊ शकतात म्हणून ते अंगाशी धरून वाळवायचे, स्टोव्हच्या काजळीने थुंकीसुद्धा काळी यायची. मुलांनी अपेक्षेप्रमाणे शत्रू किती मारले हे विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की त्या संपूर्ण मुक्कामात त्यांना शत्रू दिसलाच नाही.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते जमेल तितके त्यांच्या शब्दांत टिपून ठेवते. त्यांच्या तुकडीतला एक जवान बर्फातल्या भेगेत पडून गेला. जवान गेल्यावर त्याच्या सामानाची यादी करण्याची लष्कराची पद्धत आहे; ते काम ज्यांच्याकडे आले त्यांत हवालदारकाका होते. “एकाने वस्तू उचलून नाव घ्यायचे, दुसऱ्याने लिहायचे. घड्याळ एक. कंगवा एक. साबण अर्धा. अर्धा साबण लिहायचा की नाही यावर आम्ही बोललो आणि मग लिहिला.” पेटीत एक छोटी वही सापडली. तीत कोणाचे किती देणे आणि कोणाकडून किती येणे हे नीट मांडलेले होते. येण्याच्या बाजूला हवालदारकाकांचेच नाव होते, पुढे पन्नास रुपये. ते पैसे त्यांनी सुट्टीवर आल्यावर मनीऑर्डरने त्याच्या घरी पाठवले, आणि त्याच्या वडिलांच्या सहीची पोच त्यांनी अजून जपून ठेवली आहे.

वर्गात कोणी चुळबुळ केली नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “काका, गोळी न लागता जो जातो, त्याचे नाव स्मारकावर येते का?” ते म्हणाले, “येते. दिल्लीला आहे त्याचे. मी जाऊन बोट फिरवून आलो आहे.”

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव कोरले आहे, आणि अशी पंचवीस हजारांहून अधिक नावे तेथे आहेत. १९४७-४८ पासूनची युद्धे तर आहेतच, शिवाय सियाचीन, श्रीलंकेतील शांतिसेना आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा यांत गेलेलेही तेथे आहेत. ही माहिती मी मुलांना दिली, पण काकांच्या तीन छोट्या वाक्यांनंतर ती जोडपत्रासारखी वाटली.

२४ ऑगस्ट २०२४

आज बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, पाहिले. घोडबंदर रस्त्याने काशिमिरा आणि पुढे दहिसरमार्गे जायचे होते. गायमुखच्या घाटातील खड्ड्यांमुळे पोहोचायला जो उशीर झाला त्याचे वर्णन ठाणेकरांपुढे करण्याची गरज नाही.

एकसरचे वीरगळ नौकायुद्धाचे आहेत, आणि भारतात असे वीरगळ फार थोडे आहेत. ठाणे, म्हणजे ताम्रपटांतील श्रीस्थानक, ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात समुद्रावर जी लढाई झाली आणि जीत सोमेश्वर बुडाला, तिच्याशी या दगडांचा संबंध जोडला जातो. काही अभ्यासक त्यांना याहून जुने मानतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे मुलांना आधी सांगितले होते. तळाच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्ट्यांत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याला कीर्ती अखंड राहील असे सांगणारे सूर्य व चंद्र, असा साधारण क्रम असतो. येथे तळाशी नौका आहेत: उंच डोलकाठ्या, आणि कडेने वल्ह्यांची घट्ट रांग.

पाऊस रिमझिम होता. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरून मुलांनी जमतील तशी रेखाटने केली. बहुतेक वह्या ओल्या झाल्या. दगड झिजला असल्यामुळे आकृत्या डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक कळत होत्या, पण हात लावायचा नाही असे बजावले होते आणि तो नियम मुलांनी पाळला. चेंदणी कोळीवाड्यात राहणारी एक मुलगी बराच वेळ एकाच नौकेसमोर उभी होती. तिने वल्हेकऱ्यांची डोकी मोजण्याचा प्रयत्न केला आणि मला म्हणाली, “बाई, वर स्वर्गात एकच जण गेलाय. वल्हवणारे कुठे गेले?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. वीरगळ बहुधा नेत्याचा किंवा ज्याच्या घरच्यांना दगड घडवून घेणे परवडले त्याचा असतो, एवढेच मी म्हणाले. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर लेखही नसतो. म्हणजे पराक्रम दिसतो, स्वर्गही दिसतो, मात्र नाव उरत नाही. परतीच्या वाटेवर बसमध्ये हाच विषय चालू होता, हे येथे मुद्दाम नोंदवते, कारण एरवी सहलीच्या परतीला भेंड्या असतात.

३० सप्टेंबर २०२४

गणेशोत्सव आणि पाठोपाठ परीक्षा यांमुळे या महिन्यात काम झाले नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी एकच काम दिले आहे: आपापल्या गावी सैनिकांच्या आठवणीचे जे काही असेल, म्हणजे कमान, दगड, पुतळा किंवा शाळेचे नाव, त्याचे छायाचित्र काढावे आणि त्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून आणावा.

१६ नोव्हेंबर २०२४

सुट्टीनंतर जे जमा झाले ते अपेक्षेपेक्षा पुष्कळ आहे. आमच्या वर्गातील निम्मी घरे सातारा, कोल्हापूर आणि रायगड-रत्नागिरीकडची आहेत, त्यामुळे असे होणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

सातारा जिल्ह्यातील एका मुलीने जुन्या चावडीच्या भिंतीतील संगमरवरी पाटीचे छायाचित्र आणले आहे. पाटीच्या कडेवर भिंतीच्या रंगाचे ओघळ आहेत आणि तिला खेटून विजेचा मीटर बसवला आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने ज्या गावांतून सैन्यभरती झाली तेथे अशा पाट्या लावल्या. मजकूर सगळीकडे एकाच साच्यातला असतो: या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धास इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस्स. त्या मुलीने आजोबांना नावे विचारली. आजोबांना एकच माणूस ठाऊक होता आणि तोही ‘बसऱ्याला गेलेला’ एवढ्याच ओळखीने. त्याचे घर कोणते होते ते त्यांनी दाखवले, नाव मात्र सांगता आले नाही.

बसरा कोठे आहे हे नकाशात पाहिल्यावर मी वर्गाला पुढचा भाग सांगितला, आणि या प्रकल्पात मला स्वतःला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग तोच आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० भारतीय सैनिक मरण पावले. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. फ्रान्समधील नव शापेल येथील स्मारकावर पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची समाधी नाही अशा साडेचार हजारांहून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. परंतु मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जेथे मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात आणि शर्कातच्या लढाईत होत्या, तेथील बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या लिहिली गेली. युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने २०२१ मध्ये आपल्याच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाबद्दल माफी मागितली. एकाच सैन्यातल्या, कदाचित एकाच गावातल्या दोघांपैकी फ्रान्समध्ये पडलेल्याला नाव मिळाले आणि इराकमध्ये पडलेला बेरजेत गेला.

एका मुलाने विचारले की नावे लिहायला दगड कमी पडला होता का. त्याला उत्तर दुसऱ्या मुलानेच दिले: “अधिकाऱ्यांसाठी पुरला की.”

माणगावच्या एका विद्यार्थ्याने नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्याचे छायाचित्र आणले. घाडगे जवळच्याच पळसगावचे; पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या गटातले इतर सर्व जण मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाल्यावर ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, गोळ्या भरायला वेळ नसल्याने बंदुकीच्या दस्त्याने लढले, ठाणे घेतले आणि त्यानंतर नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी नाही. नाव इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि २०२३ मध्ये मोंतोने या गावात त्यांच्या स्मरणार्थ एक सौरघड्याळ उभारण्यात आले.

येथे वर्गात खरा वाद पेटला. घाडगे इंग्रजांच्या सैन्यात होते, मग त्यांचे नाव आपल्या फलकावर कसे येईल, असा एकाचा आक्षेप होता. त्याच वर्षी आझाद हिंद सेना इम्फाळच्या आघाडीवर समोरच्या बाजूने लढत होती, हेही त्याला माहीत होते. मी निर्णय दिला नाही. तास संपला तरी वाद संपला नाही आणि मधल्या सुट्टीत डबा खातानाही तो चालू होता.

७ डिसेंबर २०२४

ध्वजदिन. १९४९ पासून या दिवशी सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा केला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे पट्टे असलेली छोटी झेंड्याची चिकटपट्टी छातीवर लावून मुलांनी वर्गावर्गांतून डबा फिरवला. जमा रक्कम मुख्याध्यापकांकडे दिली.

१० डिसेंबर २०२४

काल ‘आयएनएस खुकरी’ बुडाल्याचा दिवस होता. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’च्या पाणतीराने (टॉर्पेडोने) ही युद्धनौका बुडाली आणि तिच्यासोबत १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना बाहेर पडण्यास मदत केली आणि स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

यावरून चेंदणीच्या त्या मुलीने एकसरचा प्रश्न पुन्हा काढला, आणि या वेळी मला तिला दाखवण्यासारखे काहीतरी होते. ठाण्याहून लोकलने तासाभरावर असलेल्या मस्जिद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रावर गेलेल्या खलाशांची स्मारके आहेत. पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक आणि दुसऱ्यातील सहा हजारांच्या वर, समुद्राखेरीज ज्यांना समाधी नाही अशा खलाशांचे स्मरण तेथे केले आहे. दुसऱ्या महायुद्धातले बहुसंख्य व्यापारी जहाजांवरचे होते. वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या संगणकीय नोंदींत यांची नावे शोधता येतात. संगणक कक्षात मुलांनी ती जहाजावरच्या हुद्द्यांसह वाचायला सुरुवात केली: सारंग (खलाशांचा प्रमुख), तांडेल (त्याचा मदतनीस), भंडारी (स्वयंपाकी), बॉयलरपाशी कोळसा ओढणारे आगवाले. वर्गातल्या एकाचे आडनावच तांडेल आहे. त्याला आज फार भाव मिळाला.

पण हे सैनिक होते का? मतदान घेऊ नये असे मला वाटत होते, तरी मुलांनी हात वर करायला लावलेच आणि वर्ग जवळजवळ निम्मा-निम्मा विभागला गेला. विरोधी बाजूचा मुद्दा असा होता की ते पगारासाठी जहाजावर गेले होते आणि त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. कोळीवाड्यातली मुलगी म्हणाली की पगार सैनिकालाही असतो, आणि पाणतीर सोडणारा जहाजात तोफा आहेत की धान्याची पोती हे विचारत नाही. मला तिचे म्हणणे पटले. शिक्षिकेने पारडे झुकवू नये हे खरे, तरी नोंदवहीत लिहायला हरकत नसावी.

११ जानेवारी २०२५

फलकाच्या मजकुरावर आज संपूर्ण सकाळ बैठक झाली. सर्वांत उपयोगी सूचना वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाकडून आली: फलकावर एकही विशेषण वापरायचे नाही. ‘शूर’, ‘थोर’, ‘अमर’ ही विशेषणे सर्वांनाच लागू पडतात, म्हणून ती कोणाचीच राहत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. जुलैतले भाषण त्याचेही होते, आणि ते विशेषणांनी खच्चून भरलेले होते. मी काही बोलले नाही.

त्यानंतर प्रत्येक नोंदीत नाव, गाव, वय, कोठे गेला आणि त्याने केलेली एक गोष्ट, एवढेच असावे असे ठरले. घाडगे यांच्या नोंदीत ‘तेव्हाच्या ब्रिटिश भारतीय सैन्यात’ असे स्पष्ट लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला आपले मत आपण बनवता येईल, या तडजोडीवर आक्षेप घेणारा मुलगाही राजी झाला. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांसाठी वेगळी ओळ आहे. तिच्या शेजारी एकसरच्या नौकेचे रेखाचित्र असेल. सरांनी ओल्या वह्यांतून वल्हेकऱ्यांची रांग स्पष्ट आलेले चित्र निवडले आहे.

हवालदारकाकांच्या मित्राचे नाव घालावे अशी सर्वांची इच्छा होती. घरच्यांना विचारल्याशिवाय घालायचे नाही असे मी सांगितले. काकांनी त्याच्या गावी फोन लावला. त्याच्या भावाने होकार दिला, मात्र अट घातली की आडनावातला ‘ळ’ नीट लिहावा, कारण गावच्या कमानीवर तो ‘ल’ झाला आहे आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठी ते अनेक वर्षे खेपा घालत आहेत. ‘एक गोष्ट’ या ओळीत काय लिहायचे यावर मुलांनी वहीतल्या हिशेबाचा उल्लेख सुचवला होता. भावाने थोडा विचार करून चालेल म्हटले.

२२ जानेवारी २०२५

मजकूर रंगाऱ्याकडे गेला. मुख्याध्यापकांना वर ‘अमर रहे’ हवे होते. मुलांचे शिष्टमंडळ त्यांच्या कार्यालयात गेले आणि बराच वेळ आत होते. शीर्षकात आता फक्त ‘स्मरण’ आहे. रंगाऱ्याने विचारले की एवढ्या लहान अक्षरांचा फलक जिन्यातून जाता-येता वाचणार कोण. वर्गप्रतिनिधी म्हणाली, “थांबून वाचतील.” रंगाऱ्याला ते पटलेले दिसले नाही, पण त्याने अक्षराचे माप बदलले नाही.

शेवटची ओळ साताऱ्याच्या मुलीने लिहिली आहे: ‘आमच्या गावांतून बसऱ्याला गेलेले, ज्यांची नावे अद्याप मिळाली नाहीत.’ ‘अद्याप’ काढून टाकावे का, असे मी तिला विचारले. तिने नकार दिला आणि ग्रामपंचायतीला लिहिलेले पत्र दाखवले. गावच्या शाळेचे जुने दाखले आणि जन्ममृत्यूची नोंदवही पाहू द्यावी, अशी तीत मागणी आहे. सरपंचांनी फोनवर सांगितले आहे की जुनी दप्तरे तहसील कार्यालयात जमा आहेत आणि त्यांतली बरीच मोडी लिपीत आहेत. ठाण्यात मोडीचे वर्ग कोठे चालतात याची चौकशी मी सोमवारी करणार आहे. चार मुलांनी नावे दिली आहेत.